प्रदूषणाच्या पाठात युक्तिवाद कसा शिकवावा : गोव्यातील विज्ञानशिक्षकांसाठी

आठवी ते दहावीच्या उत्तरपत्रिकांतील प्रदूषणावरची उत्तरे सलग वाचली, तर ती कोणत्याही गावाला लागू पडतील अशीच लिहिलेली आढळतात. ‘कारखाने व वाहने यांमुळे प्रदूषण होते, त्याचे मानवी आरोग्यावर दुष्परिणाम होतात, म्हणून प्रत्येकाने झाडे लावली पाहिजेत,’ हे उत्तर पेडण्यात लिहिले काय आणि काणकोणात लिहिले काय, गुण सारखेच मिळतात. त्यात चुकीचे काही नसते. परंतु विद्यार्थ्याने काही सिद्धही केलेले नसते. निष्कर्ष त्याला पाठ सुरू होण्यापूर्वीच ठाऊक असतो आणि पाठ संपेपर्यंत त्या निष्कर्षाला कोणी हात लावत नाही. पर्यावरणाचा विषय घोषवाक्ये, भित्तिपत्रके आणि प्रभातफेरी यांतच अडकून राहतो, याचे मूळ मला येथे दिसते.

ही स्थिती बदलायची असेल, तर प्रदूषणाचा पाठ हा पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत जाण्याचा सराव म्हणून घ्यावा लागेल. त्यासाठी सहा ते आठ तासिका पुरतात आणि फारसा खर्च येत नाही. पुढील मांडणी त्या क्रमाने केली आहे. मात्र सर्व टप्प्यांना सारखा वेळ देऊ नये. पुरावा आणि दावा यांना जोडणारा दुवा हाच विद्यार्थ्यांचा सर्वांत कच्चा भाग असतो, त्यामुळे अधिक वेळ तेथेच खर्च झाला पाहिजे.

युक्तिवादाचा सांगाडा

वर्गात ‘युक्तिवाद करा’ असे म्हटले की मुलांना वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा आठवते : एक पक्ष बाजूने, एक विरोधात, आणि टाळ्या ज्याला अधिक तो विजयी. विज्ञानाच्या तासाला हे चालणार नाही, आणि का चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगावे. आपल्याकडील न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञानशाखेने, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य जाणून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढले जाते ती वितंडा. विज्ञानाच्या तासाला पहिलाच प्रकार हवा. समोरच्याचा पुरावा पटला म्हणून मत बदलणारा विद्यार्थी स्पर्धेत हरतो. येथे त्याला अधिक गुण मिळाले पाहिजेत, आणि तसे मिळतील हे मुलांना आधीच कळले पाहिजे.

सांगाड्यासाठी ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये मांडलेली रचना जगभरातील विज्ञानशिक्षणात वापरली जाते. तिचे सहा घटक आहेत : दावा, पुरावा, पुराव्याला दाव्याशी जोडणारा दुवा, त्या दुव्यामागचा आधार, दावा किती खात्रीने केला आहे ती मर्यादा, आणि दावा कोणत्या परिस्थितीत लागू पडणार नाही तो अपवाद. आठवीला पहिले तीनच घटक शिकवावेत. मर्यादा आणि अपवाद नववीत घ्यावेत. दुव्यामागचा आधार स्वतंत्रपणे ओळखणे दहावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही जड जाते, त्याचा आग्रह धरू नये.

दुवा म्हणजे काय हे समजावण्यासाठी न्यायशास्त्रातील जुने उदाहरण उपयोगी पडते. पर्वतावर अग्नी आहे, हा दावा. तेथे धूर दिसतो, हा पुरावा. पण धूर दिसला म्हणून अग्नी का मानायचा? कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. हे तिसरे वाक्य बोलताना आपण गाळतो, ते सर्वांना मान्य आहे असे गृहीत धरतो, आणि चूक नेमकी तेथेच लपलेली असते. वर्गात हे उदाहरण दिल्यावर लगेच विचारावे : पर्वतावर दिसते ते धुके असेल तर? येथून प्रदूषणाच्या प्रश्नाकडे वळणे सोपे जाते.

प्रश्न निवडणे

या पद्धतीचे यश निम्म्याहून अधिक प्रश्नावर अवलंबून असते. ‘प्रदूषण हानिकारक आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याला दुसरे उत्तर नाही. ‘लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू कराव्यात का?’ हा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. त्यात गाळ, रोजगार, महसूल, कायदा आणि मूल्ये एकत्र गुंतलेली आहेत आणि विज्ञानाचा पुरावा त्यातील एकाच भागाचे उत्तर देऊ शकतो. निवडावयाच्या प्रश्नाला किमान दोन पटण्याजोगी उत्तरे असावीत, त्यांतील निवड विद्यार्थ्यांना मिळू शकणाऱ्या पुराव्यावरून करता यावी, आणि प्रश्न शाळेच्या परिसरातला असावा.

गोव्यात अशा प्रश्नांना तोटा नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांतील शाळांनी विचारावे : पावसाळ्यात आमच्या ओहोळाचे पाणी तांबडे होते, ते कशामुळे? किनाऱ्याजवळच्या शाळांना मे-जूनमध्ये वाळूवर येणारे डांबरगोळे आहेत : ते जवळच्या नौकांमधून येतात की खोल समुद्रातून? वास्कोच्या परिसरात खिडकीच्या चौकटीवर बसणारी काळी धूळ मुरगाव बंदरातील कोळशाची आहे, वाहनांची आहे, की दोहोंची? मडगावच्या आसपासच्या शाळांना साळ नदी आहे. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे घराघरांतल्या विहिरी आहेत : शौचालयाच्या शोषखड्ड्यापासूनचे अंतर आणि विहिरीच्या पाण्याची शुद्धता यांचा संबंध दिसतो का?

प्रश्न ठरल्यावर त्यातील ‘काय आहे’ आणि ‘काय करावे’ हे दोन भाग फळ्यावर वेगळे लिहावेत. पहिल्या भागावर पुराव्याने निर्णय होऊ शकतो. दुसऱ्या भागात पुरावा लागतोच, पण त्याबरोबर कोणाला काय सोसावे लागेल याचा विचारही लागतो. विद्यार्थी हे दोन्ही भाग एका वाक्यात मिसळतात. खरे तर मोठी माणसेही मिसळतात.

एक प्रश्न जवळून : तांबडे पाणी

पुढील सर्व टप्पे समजण्यासाठी तांबड्या पाण्याचाच प्रश्न घेऊ. मुलांचे पहिले उत्तर ठरलेले असते : वर खाण आहे, पाणी तांबडे आहे, म्हणजे खाणीमुळे पाणी तांबडे झाले. येथे शिक्षकाने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यांपैकी काहीही म्हणू नये. एवढेच विचारावे : जेथे खाण नाही तेथले पाणी पावसाळ्यात कोणत्या रंगाचे असते?

गोव्याचा बराच भाग जांभ्या दगडाचा आहे. जांभा लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असतो आणि त्याची माती मुळातच तांबडी असते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघडी पडलेली जांभी माती वाहून येणारच, मग ती खाणीच्या डंपावरची (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावरची) असो, चिरेखाणीची असो, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराची असो, की बांधकामासाठी सपाट केलेल्या जागेची. म्हणजे तांबडा रंग हा पुरावा खाण असताना दिसतो आणि खाण नसतानाही दिसतो. असा हेतू, म्हणजे दाव्यासाठी दिलेले कारण, कोणत्याच बाजूने निर्णय देत नाही. न्यायशास्त्रात त्याला सव्यभिचार हेत्वाभास (सदोष कारणाचा एक प्रकार) म्हणतात. मुलांना हे नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण ‘हाच पुरावा दुसऱ्या कारणानेही मिळाला असता का?’ हा प्रश्न त्यांच्या जिभेवर बसला पाहिजे.

मग खाणीच्या बाजूने निर्णायक ठरेल असा पुरावा कोणता? हा प्रश्न गटांना द्यावा आणि पंधरा मिनिटे गप्प बसावे. चांगल्या वर्गात सहसा तीन वाटा निघतात. एक, खाणीच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे पाणी एकाच वेळी तपासणे. दोन, सारखाच उतार व सारखीच माती असलेल्या, परंतु खाण नसलेल्या ओहोळाशी तुलना करणे. तिसरी वाट मला सर्वांत बोलकी वाटते : पाऊस नसताना पाहणे. खाणीचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेल्यावर त्यांत साचणारे पाणी पंपाने बाहेर काढावे लागते आणि ते आसपासच्या प्रवाहात जाते. फेब्रुवारीत, पावसाचा थेंब नसताना, ओहोळ तांबडा वाहत असेल, तर ‘पावसाने माती धुऊन आणली’ हे पर्यायी उत्तर आपोआप बाद होते. ज्या पुराव्याने प्रतिस्पर्धी कारण बाद होते त्याचे वजन जास्त, हे एवढ्या एका उदाहरणावरून दहावीच्या मुलाला पक्के समजते.

चौथी वाट काळाची आहे, आणि ती गोव्याला विशेष आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे (खाणकामाच्या भाडेकरारांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. पुढे लिलावाने नवे पट्टे देण्यात आले. एखादी क्रिया थांबवून, चालू करून, पुन्हा थांबवल्यासारखी ही परिस्थिती आहे. प्रयोगशाळेत आपण नेमके हेच करतो. तेव्हा या तारखांशेजारी त्या-त्या वर्षांच्या पाण्याच्या नोंदी ठेवून काय दिसते हे पाहण्याचा मोह विद्यार्थ्यांना झाला पाहिजे.

मात्र त्याच तासाला त्या तुलनेतील अडचणीही काढून घ्याव्यात. उत्खनन थांबले तरी डंप जागेवरच राहिले आणि पावसात धुपत राहिले. आधी काढलेल्या मालाची ई-लिलावाने विक्री झाली आणि ट्रक धावले. दरवर्षीचा पाऊस सारखा नव्हता. म्हणून ‘२०१३ मध्ये पाणी गढूळच होते, म्हणजे खाणीचा संबंध नाही’ हा निष्कर्ष जितका घाईचा, तितकाच ‘पाणी निवळले, म्हणजे खाणच कारण होती’ हाही.

पुरावा गोळा करणे

गढूळपणा मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. साधारण साठ सेंटीमीटर लांबीची पारदर्शक नळी घेऊन तिचे एक टोक बंद करावे, तळाशी काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवलेली चकती बसवावी आणि बाजूला मोजपट्टी चिकटवावी. वरून पाहत पाणी हळूहळू ओतावे. चकती दिसेनाशी होते ती उंची नोंदवावी. उंची जितकी अधिक तितके पाणी नितळ. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी जी चकती वापरली, तिचेच हे शालेय रूप आहे. जोडीला काचेच्या बरणीत नमुना रात्रभर स्थिर ठेवून तळाशी बसलेल्या गाळाची जाडी मोजावी. सामूची पट्टी आणि तापमापक शाळेत असतोच.

प्रत्येक ठिकाणी तीन वाचने घ्यावीत आणि तिन्ही वहीत लिहावीत. सरासरी काढून मूळ वाचने खोडण्याची सवय मुलांना असते, ती मोडावी लागते. वाचनांतील फरक हाही पुरावाच आहे : तीन वाचने १२, १३ आणि १२ सेंटीमीटर आली, तर दुसऱ्या ठिकाणचे १५ वेगळे मानण्यास काही आधार आहे, ती ९, १२ आणि १७ आली, तर नाही. वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, आणि नमुना काठावरून घेतला की प्रवाहाच्या मध्यातून, हेही नोंदवावे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या ओहोळाच्या काठी मुलांना नेऊ नये. पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने मोठ्या माणसाने नमुना काढावा. पाण्याने भरलेल्या बंद खाणीच्या खड्ड्याजवळ तर कोणत्याही ऋतूत जाऊ नये.

विहिरीच्या प्रश्नासाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या मिळतात. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर ते काळे पडले, तर मलजंतूंची शक्यता समजावी. ‘शक्यता’ हा शब्द विद्यार्थ्याच्या निष्कर्षातही टिकला पाहिजे, कारण ही चाचणी प्रयोगशाळेतील तपासणीची जागा घेऊ शकत नाही. निकाल कळल्यावर घाबरून न जाता पाणी उकळून पिण्याचा सल्ला घरोघरी जावा, आणि कोणाच्या विहिरीचा निकाल काय आला हे वर्गात नावानिशी जाहीर करू नये.

ज्या गोष्टी शाळेत मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्रीय आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या नोंदी वापराव्यात. त्यांबरोबर मानके लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) स्वीकार्य आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो, सामू ६.५ ते ८.५ असावा. नदीत अंघोळीसाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि मलजन्य कोलिफॉर्म जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट, २५०० ही कमाल. साळ नदीचा एखादा आकडा वर्गात आणला, तर तो अंघोळीच्या मानकाशी ताडायचा की पिण्याच्या, यावरच चर्चा सुरू होते आणि ती व्हावी.

मानक ही निसर्गातली रेषा नसून माणसांनी पुराव्यावरून घेतलेला निर्णय आहे, हे दाखवण्यासाठी हवेतील सूक्ष्म कणांचे उदाहरण नेमके आहे. २००९ च्या भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. वास्कोतील एखाद्या दिवसाचे वाचन ४० असेल, तर हवा चांगली की वाईट? दोन गटांना दोन मानके द्यावीत, दोघांना लिहू द्यावे, आणि नंतर एकमेकांचे कागद वाचायला द्यावेत. पुरावा एकच असताना दावे वेगळे का झाले, हे मुलांनी स्वतः शोधून काढलेले बरे.

लिहून घेणे : दुव्यावर भर

चर्चेपूर्वी प्रत्येकाने एकट्याने लिहावे. सात-आठ मिनिटे पुरतात. हा टप्पा गाळला, तर वर्गातली दोन-तीन बोलकी मुलेच सर्वांचे मत ठरवतात.

पहिल्या मसुद्याचा एक नमुना असा असतो : ‘ओहोळाचे पाणी खाणीमुळे तांबडे झाले आहे. कारण पाणी खूप गढूळ आहे आणि वर खाण आहे. खाणीमुळे शेतीचेही नुकसान होते.’ यात दावा आहे, अर्धा पुरावा आहे, दुवा नाही आणि तिसरे वाक्य वेगळ्याच प्रश्नाचे आहे. यावर ‘सविस्तर लिहा’ असा शेरा मारून काही साधत नाही; विद्यार्थी चौथे असंबद्ध वाक्य जोडतो. शेरा प्रश्नाच्या रूपात हवा : किती गढूळ? कशाच्या तुलनेत? यावरून खाणच का, चिरेखाण का नाही?

या प्रश्नांनंतर नववीच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा ठेवता येईल असा मसुदा पुढे देतो. त्यातील आकडे सरावासाठी रचलेले आहेत.

‘ओहोळातील गाळ मुख्यतः खाणीच्या डंपावरून येत असावा. डंपाच्या वरच्या बाजूला नळीतील चकती ४६ सेंटीमीटरपर्यंत दिसली, खालच्या बाजूला १२ सेंटीमीटरवरच दिसेनाशी झाली. दोन्ही नमुने एकाच सकाळी अर्ध्या तासाच्या अंतराने घेतले, त्यामुळे पावसातील फरकाने हे घडले असे म्हणता येत नाही. या दोन ठिकाणांमध्ये ओहोळाला डंपाकडून येणारा एक प्रवाह मिळतो. परंतु तेथेच रस्त्याचे रुंदीकरणही चालू आहे. रस्त्याच्या गटारातील पाणी तपासले नाही, तोपर्यंत डंपाचा वाटा किती हे सांगता येणार नाही.’

हे दोन्ही मसुदे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्यातील दुव्याचे वाक्य अधोरेखित करायला सांगावे. बहुतेक जण ४६ आणि १२ हे आकडे अधोरेखित करतात. आकडा म्हणजे पुरावा. ‘त्यामुळे पावसातील फरकाने हे घडले असे म्हणता येत नाही’ हा दुवा. हा फरक दोन-तीन वेळा वेगवेगळ्या उदाहरणांवर करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. लेखनासाठी सुरुवातीला तयार वाक्यारंभ द्यायला हरकत नाही (‘यावरून असे दिसते की… कारण…’, ‘हे दुसऱ्या कारणाने झाले नसावे, कारण…’, ‘हा निष्कर्ष बदलावा लागेल, जर…’), पण महिन्याभराने ते काढून घ्यावेत. नाहीतर पाठांतराला आणखी एक साचा मिळतो.

चर्चा चालवणे

तीन किंवा चार जणांचे गट करावेत. त्याहून मोठ्या गटात एखादा तरी खिडकीबाहेर पाहत बसतो. शक्य असेल तेथे वेगवेगळे दावे लिहिलेले विद्यार्थी एका गटात घालावेत, म्हणून आदल्या तासाचे कागद वाचून गट शिक्षकानेच पाडावेत. बोलण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे, हा एकच नियम पुरेसा आहे. घरात कोंकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून, अशी आपल्याकडच्या अनेक मुलांची वाट असते. गटातली चर्चा त्यांना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ द्यावी. लेखन मात्र माध्यमाच्या भाषेत असावे.

संपूर्ण वर्गाशी बोलताना शिक्षकाचे मौन महत्त्वाचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला १९७० च्या दशकात असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात आणि त्यांत कारणे येऊ लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभे राहून ते मोजून पाहावेत.

एक प्रसंग बहुतेक वर्गांत उद्भवतो. मुलगी म्हणते, ‘टीचर, आमची आजी सांगते, पूर्वी ह्या ओहोळाचं पाणी आम्ही पीत होतो.’ हा पुरावा ‘ऐकीव’ म्हणून झटकून टाकू नये. साक्षीचेही मोल असते, फक्त तिची तपासणी करावी लागते : आजी कोणत्या काळाबद्दल बोलते? कोणत्या महिन्यात पाणी पीत? ओहोळाच्या कोणत्या भागातले? वाड्यावरची आणखी दोन वयस्कर माणसे तेच सांगतात का? या प्रश्नांची उत्तरे घेऊन मुलगी दुसऱ्या दिवशी आली, तर तिच्या हाती मंडळाच्या नोंदींत न सापडणारा पुरावा असतो.

प्रतिवाद

स्वतःच्या दाव्याविरुद्ध सर्वांत मजबूत मुद्दा कोणता, हे लिहिणे मुलांना अवघड जाते, कारण त्यांना ते हार पत्करल्यासारखे वाटते. यासाठी डांबरगोळ्यांचा विषय चांगला. त्यात कोणाचे घरदार गुंतलेले नसते. समुद्रात सांडलेले किंवा टाकलेले खनिज तेल लाटा, ऊन व वारा यांनी घट्ट होऊन हे गोळे बनतात आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आपल्या किनाऱ्यांना लागतात. प्रत्येक गटाला एक उगम द्यावा : टाक्या धुऊन पाणी समुद्रात सोडणारी तेलवाहू जहाजे, मुंबईच्या समुद्रातील तेलविहिरी, किनाऱ्याजवळच्या मासेमारी नौका. गटाने आपल्या उगमाच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक मुद्दा द्यायचा. नौकांचा गट लवकरच अडचणीत येतो : नौका तर ऑगस्टपासून समुद्रात असतात, मग गोळे मे महिन्यातच का? दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोळ्यांतील तेलाच्या रासायनिक ठशांची तुलना करून आणि वारे-प्रवाहांचा माग काढून उगम शोधण्याचे काम केले आहे. वर्गाचा अंदाज बांधून झाल्यावरच ही पद्धत सांगावी. शास्त्रज्ञांनीही ‘दुसरे कारण कसे बाद करायचे’ याच प्रश्नाचे उत्तर शोधले, हे तेव्हा ध्यानात येते.

ज्यांच्या घरचा प्रश्न आहे

खाणपट्ट्यातील वर्गात एखाद्याच्या वडिलांचा ट्रक असतो, एखाद्याच्या काकांची बार्ज (नदीतून खनिज वाहून नेणारी सपाट बोट), आणि त्यांच्याच शेजारी बसलेल्याच्या शेतात गाळ आलेला असतो. वास्कोत बंदरातील कामगारांची मुले असतात आणि दम्याचा त्रास असलेलीही. अशा वर्गात ‘तुझं मत काय?’ असे विचारणे म्हणजे मुलाला घर आणि वर्ग यांच्यात उभे करणे होय. ‘या पुराव्यावरून काय म्हणता येते?’ असे विचारले, तर तोच विद्यार्थी मोकळेपणाने बोलतो. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात आणि मध्यावर उलटवाव्यात. रोजगार बुडाला हेही एक वास्तव विधान आहे आणि त्यालाही पुरावा मागता येतो. ते मांडणाऱ्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवू नये.

शिक्षकाने स्वतःचे मत सांगावे का? मला वाटते, ‘काय आहे’ या भागात पुरावा स्पष्ट असेल तर सांगावे. कोळशाची धूळ श्वासात जाणे घातक आहे की नाही, यावर तटस्थ राहणे हा खोटा तटस्थपणा होय. ‘काय करावे’ या भागात मात्र लेखन तपासून होईपर्यंत थांबावे, कारण मत कळले की उत्तरपत्रिका त्याच दिशेने झुकतात.

गुण कसे द्यावेत

दहा गुणांच्या उत्तरात दाव्याला एकच गुण ठेवावा, पुराव्याला तीन, दुव्याला तीन, मर्यादेला एक आणि प्रतिवादाला दोन. दावा शिक्षकाच्या मताविरुद्ध असला तरी उरलेले नऊ गुण पूर्ण मिळू शकतात, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी अशी एक उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवावी. पुराव्याचे तीन गुण आकडा, एकक आणि तुलना यांसाठी. दुव्याला पूर्ण गुण तेव्हाच, जेव्हा किमान एक पर्यायी कारण नावानिशी बाद केलेले असेल.

सुरुवातीचा आणि शेवटचा मसुदा एकत्र टाचून घ्यावा. मत बदलले असेल तर कोणत्या पुराव्याने बदलले, आणि बदलले नसेल तर कोणता विरुद्ध पुरावा विचारात घेऊनही बदलले नाही, हे दोन ओळींत लिहून घ्यावे. प्रगती मोजण्याचे यापेक्षा सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही. मंडळाच्या परीक्षेत असे प्रश्न कमी येतात, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून ही सर्व कामे अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पात बसवावीत.

नळीची वाचने मात्र गुण देऊन झाल्यावर फेकू नयेत. ठिकाण, तारीख आणि वेळ यांसह ती एका वहीत उतरवून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावीत आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच ठिकाणी, त्याच महिन्यांत मोजणी करावी. पाच पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की त्या वर्गाला पहिल्याच तासाला देता येतील असा स्वतःच्या गावचा पुरावा शाळेजवळ असेल.